चौसष्ट इंच महाराष्ट्रात दाखल

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी आणि 865 गावं, या कर्नाटकातल्या सीमाभागातली इंच न इंच जमीन आपल्यात आणू, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 27 डिसेंबर 2022 रोजी एकमतानं केला. एक इंचही देणार नाही, असं कर्नाटकाच्या विधिमंडळानं त्याआधी पाचच दिवस ठरवून टाकलं होतं, तेही एकमतानं. दोन्हीकडं इतका एकोपा एरवी पगारवाढीच्या विधेयकालाच दिसतो.

पुढच्या जूनमध्ये बीदरच्या औराद तालुक्यातलं एक पोरगं पत्र्याची पेटी घेऊन लातुरात उतरलं, नववीत शिकायला. उंची पाच फूट चार इंच. म्हणजे मोर्चा नाही, वकील नाही आणि चौसष्ट इंच सीमाभाग महाराष्ट्रात सामील! स्वागताला स्टँडवर एकटा रिक्षावाला. त्यानंही परराज्यातलं गिऱ्हाईक बघून वीस रुपये जास्त लावले.

वर्गात पहिला प्रश्न आला, "कर्नाटकाचा का बे? मराठी येती का?"

"येती की. तू काय करलालास?"

वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं हसलं ते लातूरशेजारच्या औशाचं पोर. त्याची आई रोज संध्याकाळी फोनवर हेच विचारते, पण दोन वर्षं ट्यूशनला काढल्यानं त्याच्या जिभेला पुणेरी गिलावा झालाय. (हेच पोर उद्या पुण्यात गेलं की तिथला वर्ग त्याला हसणार, ती गोष्ट वेगळी.) त्या दिवसापासून आमच्या पोराचं नाव पडलं अण्णा.

अण्णाला घरची मराठी येते, कायद्यानं सक्तीची झालेली कन्नड येते, बीदरच्या बाजारात घासाघीस करण्यापुरती दखनी येते आणि जहिराबादच्या मावशीमुळं तेलुगूतल्या चार शिव्याही येतात. लातुरात याचा उपयोग शून्य. तिथं भाषा किती येतात हे कुणी विचारत नाही, कालच्या टेस्टला किती पडले एवढंच विचारतात. आणि टेस्ट असते सेमी-इंग्रजीत.

अण्णाचं हे रडगाणं गावाकडच्या आजोबांना पटत नाही. त्यांच्या लहानपणी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे सगळे बीदर जिल्ह्यातलेच तालुके. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्ह्याची वाटणी झाली. आजोबा आपल्या बाजेवरून उठलेही नाहीत, पण उदगीरचे सोयरे परराज्यात गेले. म्हाताऱ्याच्या मते नातू लातूरला गेला म्हणजे शेजारच्या वाड्यात गेला. मग रडतोय कशाला?

मेसवाला मात्र सीमाभागाचा मोठा भक्त. "डाळ गुलबर्ग्याची हाय, मानांकनवाली!" असं तो पालकांना छाती काढून सांगतो. खरंच आहे, गुलबर्ग्याच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या शेजारच्या जिल्ह्यातलं पोर मात्र दुसऱ्यांदा वरण मागायला गेलं की "कर्नाटकवाल्यांना भूक लई" असं ऐकून येतं. तुरीला मूळ गाव सांगितल्यावर भाव चढतो, पोराचा उतरतो.

पुढं इंजिनिअरिंगला जायचं झालं तर सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात सोय आहे. त्यासाठी गाव वादग्रस्त भागात असल्याचा दाखला लागतो आणि मातृभाषा मराठी असल्याचाही. तिथं आईला नेऊन उभं करून भागत नाही, शिक्का लागतो. वर्गात ज्या बोलीला हसतात, तिलाच मग गोल शिक्का मारून मराठी ठरवतात.

होस्टेलच्या रजिस्टरात 'राज्य' असा रकाना आहे. आठवडाभर अण्णानं तो कोराच ठेवला होता. रेक्टर ओरडले तेव्हा त्यानं विचार करून लिहिलं : न्यायप्रविष्ट. चूक म्हणता येत नाही. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे, अण्णापेक्षा वयानं मोठा.

रेक्टरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "राज्याचं बघू निकाल लागल्यावर. मेसची फी न्यायप्रविष्ट नाही. ती आज भर."