नेपल्स पाहावं आणि परवडावं

‘नेपल्स पाहावं आणि मग मरावं’ अशी इटलीत एक जुनी म्हण आहे. युरोपातले लोक शिस्तीचे. त्यांनी या म्हणीची कागदोपत्री सोयसुद्धा करून ठेवली आहे. शेंगेन व्हिसा हवा असेल तर किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा काढावा लागतो आणि त्यात आजारपणाबरोबरच पार्थिव मायदेशी धाडण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. म्हणजे म्हणीचा उत्तरार्ध विमा कंपनीकडे गेला. उरला पूर्वार्ध. नेपल्स पाहायला जायचं तर रात्री पाठ कुठं टेकायची, एवढाच प्रश्न. आमच्या नात्यातल्या चार कुटुंबांनी तो गणपतीत हाती घेतला, दिवाळीच्या फराळावर त्याचा कीस पाडला आणि तिळगूळ वाटून झाला तरी त्याचा निकाल लागलेला नाही.

मराठी मध्यमवर्गाचं या बाबतीतलं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं : ‘हॉटेलात काय, फक्त झोपायलाच तर जायचंय!’ घरातल्या फॉल्स सीलिंगवर दोन लाख उडवताना ज्याचा हात थरथरला नाही, तो माणूस खोलीचे ऐंशी युरो ऐकून हे वाक्य काढतो. आणि मग जी गोष्ट करायला जायचंय, तीच ज्या खोलीत अशक्य आहे अशी खोली पंचावन्न युरोंत शोधून काढतो.

पहिली अडचण व्हिसाची. व्हिसा देणाऱ्याला राहण्याचं पक्कं बुकिंग बघायचं असतं आणि व्हिसा मिळेपर्यंत बुकिंग पक्कं करायला आपली छाती होत नाही. या पेचातून ‘फ्री कॅन्सलेशन’ नावाचा धर्म निघाला. आमचा भाचा त्या धर्माचा कट्टर अनुयायी. त्यानं एकाच तारखांना नेपल्सच्या तीन भागांत तीन ठिकाणी खोल्या अडवून ठेवल्या. रद्द करता येणारी खोली रद्द न होणाऱ्या खोलीपेक्षा महाग असते, हे त्याच्या आईनं दाखवून दिलं, तेव्हा तो म्हणाला, “आई, हा खर्च नाही, हेजिंग आहे.” व्हिसाची फी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सरकारनं घेतलेल्या पैशाला आपल्याकडे खर्च म्हणत नाहीत, प्रारब्ध म्हणतात.

दुसरी अडचण काटकसरीची. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना तिकीट नसतं. नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय आणि पाँपेई, दोन्ही त्यात आली. हे कळताच साडूभाऊंनी सगळी सहल पहिल्या रविवारावर नेऊन ठेवली. त्यापायी विमानाचं तिकीट माणशी काही हजारांनी चढलं, तर ते म्हणाले, “अहो, ते विमानाचं झालं. मी संग्रहालयाचं बोलतोय.” त्या रविवारी अख्खा इटली याच हिशेबानं रांगेत उभा असतो, हा मुद्दा वेगळ्या खात्यातला म्हणून सोडून देण्यात आला.

आता भाग कोणता निवडायचा? शहर जुनं म्हणजे फारच जुनं. ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात वसवलेलं, आणि त्याचा ऐतिहासिक गाभा 1995पासून युनेस्कोच्या यादीत. एवढ्या पुरातन शहरात घासाघीस करायची तर आपणही तयारीत असलेलं बरं. समुद्रकाठी, कास्तेल देल्ल ओवो किल्ल्याच्या समोर हॉटेलांची रांग आहे. व्हर्जिल कवीनं या किल्ल्याच्या पायात एक जादूचं अंडं ठेवलंय आणि ते फुटलं की किल्ल्यासकट शहराचं काही खरं नाही, अशी आख्यायिका आहे. तिथले दर पाहून भाच्यानं लॅपटॉपची घडी घातली. मेहुणी शुद्ध शाकाहारी. “अंड्यासमोर नकोच भावोजी,” असं तिनं सांगितल्यामुळे पैशाचा विषय काढायची वेळ आली नाही आणि सगळ्यांची अब्रू राहिली.

मग स्टेशनजवळ, गारिबाल्दी चौकात? जगातल्या कुठल्याही स्टेशनाजवळ खोली स्वस्त असते आणि कुठल्याही स्टेशनाजवळ ती का स्वस्त आहे हे रात्री अकरानंतर कळतं. तिथून चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल थेट पाँपेईला जाते. गर्दी, उकाडा, दारात लोंबकळणाऱ्या पिशव्या. डोंबिवलीच्या मावसभावानं तिचे व्हिडिओ पाहिले आणि त्या क्षणी त्याचं निम्मं पर्यटन उरकलं.

सगळ्यात स्वस्त ‘सी व्ह्यू’ निघाला पश्चिमेला, पोत्सुओलीत. तो स्वस्त का, याचा शोध घेता असं कळलं की ते गाव काम्पी फ्लेग्रेई नावाच्या ज्वालामुखीच्या खोलगटात वसलं आहे आणि तिथली जमीन हळूहळू वर उचलली जाते. 1982–84मध्ये ती पावणेदोन मीटरच्या वर उचलली गेली होती आणि सुमारे 40,000 लोकांना घरं सोडावी लागली होती. अलीकडेही तिथं हादरे बसतात. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग साडूभाऊंनी विचारलं, “हादरा बसला की रेट आणखी खाली येतात का?” पुण्यातल्या टेकडीवर एनए होण्याआधी प्लॉट घेतलेला माणूस तो. त्याच्याकडून दुसऱ्या कोणत्या प्रश्नाची अपेक्षा करणार?

फिरून फिरून सगळे येऊन टेकले ते क्वार्तिएरी स्पान्योली या पेठेत. सोळाव्या शतकात डॉन पेद्रो दे तोलेदो या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या काळात शिपायांच्या मुक्कामासाठी ही वस्ती बांधली गेली. चढावर चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, डोक्यावर या खिडकीतून त्या खिडकीत गेलेल्या दोऱ्या आणि त्यावर अख्ख्या पेठेची धुणी. भिंतींवर माराडोना, त्याच्यासमोर मेणबत्त्या लावतात आणि नवसही बोलतात. तळमजल्याला ‘बास्सो’ म्हणजे एका खोलीचं घर. दार थेट गल्लीत उघडतं आणि म्हातारी दारातच खुर्ची टाकून मटार सोलत बसते. वरच्या मजल्यावरची बाई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. खालचा दुकानदार तिच्यात पाव आणि दूध ठेवतो, टोपली वर जाते. पैसे पुढच्या फेरीला.

हे वर्णन वाचून मेहुणीचे डोळे पाणावले. “किती ऑथेंटिक!” मेहुणीचं बालपण गिरगावच्या चाळीत गेलं. तिथंही कॉमन गॅलरी होती, वाळत घातलेले कपडे होते, वरून सोडलेली पिशवी होती, शेजारच्या घरातल्या भांडणाचा आवाज होता. त्या चाळीतून बाहेर पडण्यासाठी तिच्या वडिलांनी उभं आयुष्य हप्ते फेडले. आता टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर बसून ती युरोत पैसे मोजून पुन्हा चाळीत राहायला निघाली आहे, आणि गल्लीतला आवाज खोलीत यावा यासाठी ‘स्ट्रीट फेसिंग’वर खूण करते आहे.

आवाजाची चिंता तिनं करू नये. नेपल्सच्या गल्ल्यांतून स्कूटर रात्रभर चालू असतात आणि कुणाचा वाढदिवस असला की मध्यरात्री फटाके उडवण्याची तिथं सर्रास पद्धत आहे. ‘फक्त झोपायलाच तर जायचंय.’

एवढं ठरल्यावर भाच्यानं एक्सेल शीट उघडली. रकाने : भाडं, अंतर, नाश्ता, लिफ्ट, आणि शेवटी नुसतंच ‘पाणी’. भाड्याचा आकडा हा नेपल्समध्ये निव्वळ प्रस्तावना असते. साफसफाईचा आकार वेगळा. पालिकेचा मुक्काम-कर माणशी, दर रात्रीमागे वेगळा. तो बहुधा तिथं पोचल्यावर हातात द्यायचा. नाश्ता ‘समाविष्ट’ म्हणजे पुष्कळदा कोपऱ्यावरच्या कॅफेचं कुपन. त्यावर एक कॉर्नेत्तो आणि एक कापुचिनो, तोही उभ्यानं. बसलात की दर वाढतो. पोह्यांची आशा कुणी करू नये. तिथं सकाळी तिखट काही खात नाहीत, फक्त बोलतात.

लिफ्टचा रकाना जास्त मनोरंजक. जुन्या वाड्याची छतं उंच, म्हणून चौथा मजला आपल्या सहाव्याला भिडतो. काही इमारतींत लिफ्ट आहे, पण आत पैशाची पेटी आहे. दहा सेंटचं नाणं टाकलं तर लिफ्ट हलते. हे कळल्यावर काकांनी गणित मांडलं : आठ माणसं, दिवसाला चार फेऱ्या, सहा दिवस. उत्तर आलं एकोणीस युरो वीस सेंट. “म्हणजे दोन हजार रुपये नुसते वरखाली करायला!” त्यांच्या गुडघ्यांवर गेल्या वर्षी जे साडेचार लाख खर्च झाले, ते या गणितात धरले नव्हते. ठराव असा झाला की बायका लिफ्टनं जातील, पुरुष जिन्यानं आणि बॅगा भाच्याबरोबर.

राहिला ‘पाणी’ हा रकाना. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक होता. युरोपात जाणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत पासपोर्टखालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे रिकामी बाटली. इथं मात्र इटलीनं बाजी मारली. 5 जुलै 1975च्या मंत्रालयीन आदेशानं तिथं प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्याची सोय, बसवणं सक्तीचं केलं. हे वाचून दाखवल्यावर सभेचं वातावरण एकदम मोकळं झालं. रेनेसाँ, व्हेसुव्हियस, सोफिया लॉरेन यांतल्या कशानंही इटलीबद्दल जो आदर वाटला नव्हता, तो या एका शासन निर्णयानं वाटला.

हॉटेलच्या तक्रारी वाचण्यात पुढचा महिना गेला. नेपल्सच्या परिसरात या वाङ्मयप्रकाराची परंपरा थोर आहे. इसवी सन 79मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत एका पाहुण्यानं भिंतीवर आपला अभिप्राय कोरून ठेवलेला सापडला. त्यात तो यजमानाला कबुली देतो की आम्ही अंथरूण ओलं केलं, चूक झाली. पण खोलीत भांडंच ठेवलं नव्हतं, तर करणार काय? उत्तरेला इसेर्नियात सापडलेल्या दगडावर तर खाणावळीचं अख्खं बिल आहे. रोटी आणि दारू एक अॅस (म्हणजे रोमन नाणं), कालवण दोन, मुलगी आठ. एवढ्याला पाहुणा मुकाट मान डोलावतो. मग खेचराच्या गवताचे दोन अॅस लावलेले ऐकतो आणि कळवळतो की हे खेचर मला धुळीला मिळवणार! दोन हजार वर्षं होत आली. माणूस अजूनही सगळं बिल भरतो आणि पार्किंगवरून भांडतो.

स्वस्तात खायचं काय, यावर मात्र नेपल्स दिलदार आहे. मरिनारा पिझ्झा यादीत सहसा सगळ्यात स्वस्त, आणि नावात समुद्र असला तरी अंगावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल यांपलीकडे काही नाही. तिथं ‘काफे सोस्पेझो’ नावाची रीतही आहे : आपली एक कॉफी प्यायची, पैसे दोन कॉफींचे द्यायचे, दुसरी पुढं येणाऱ्या कुणा गरजूसाठी. औदार्याची ही गोष्ट भाच्यानं गहिवरून सांगितली. साडूभाऊंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे आपण गेलो की ती आपल्याला देतील?”

या सगळ्या गडबडीत आमच्या सौ.नं एक साधा प्रश्न टाकला. “त्या तळमजल्याच्या खोलीत आपल्यासारखे पाहुणे राहणार, तर मग ती मटार सोलणारी म्हातारी कुठं जाणार?” गेली असेल मुलाकडे, उपनगरात. कारण भाडेकरूपेक्षा पाहुणा जास्त देतो, नळ गळतो म्हणून भांडत नाही आणि चार दिवसांत निघून जातो. पागडीवाला भाडेकरू अनुभवलेल्या मराठी घरमालकाला यातलं सुख समजावून सांगायला नको. म्हातारी गेली की खोलीत एसी येतो, भिंतीवर लिंबांचं चित्र येतं, आणि अॅपवर ओळ येते : ‘खऱ्याखुऱ्या नेपोलिटन शेजारात राहा.’ ज्यांच्यामुळे शेजार खराखुरा होता ते शेजारी उठवून आपण शेजार बघायला जायचं, तेही सवलतीच्या दरात. सौ.चा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेण्यात आला आणि सभेनं पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय होता बजेटातली तूट. काटकसरीची एकेक भर पडत पडत स्वस्त सहल महागड्या टूरच्या वर गेली होती. इथं साडूभाऊंचा धंदेवाईक मेंदू चालला. ते म्हणाले, सहलीच्या काळात आमचा कोथरूडचा फ्लॅट रिकामाच आहे, तो पर्यटकांना देऊ. फोटो तिथल्या तिथं काढले गेले. शीर्षक पडलं : ‘ऑथेंटिक पुणेरी होम’. पुढं अटी : फक्त शाकाहारी, अंडंही चालणार नाही. बॅचलर नकोत. लग्न झालं असेल तर दाखला दाखवावा. रात्री दहानंतर गेट बंद. दुपारी एक ते चार पाण्याची मोटर आणि मालक, दोघेही बंद. स्वयंपाकाचा गॅस जपून वापरावा. सिलिंडर गेला तर पाहुण्याचा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस पाहुण्याकडून वेगळे. साफसफाईचा आकार वेगळा. बुकिंग रद्द केल्यास पैसे परत नाहीत.

“अहो, एवढ्या अटींत कोण येणार राहायला?” मेहुणीनं विचारलं.

“कुणीही येईल,” साडूभाऊ म्हणाले. “फक्त झोपायलाच तर यायचंय त्यांना.”