आई-बाबांना जर्मनीत कसे रुळवावे

(वयोगट तीन ते सहा. वाचता येत नसल्यास आजीकडून वाचून घ्यावे, आई-बाबांकडून नको.)

बाबांना नोकरी लागली, बॅगांमध्ये गोडा मसाला कोंबला गेला आणि तुम्ही सहकुटुंब जर्मनीत येऊन पडलात. आता घरातल्या मोठ्यांना एकच घोर लागलाय: पोरं इथं रुळतील का? घोर रास्त आहे, फक्त भलत्याच माणसांबद्दल आहे. पुरावा हवा तर इथल्या पाळणाघराची, म्हणजे किटाची, रीत बघा. नवं मूल आलं की सुरुवातीला आईनं किंवा बाबांनी सोबत येऊन एका कोपऱ्यात गप्प बसायचं असतं. ‘बर्लिन पद्धती’त पहिले तीन दिवस ताटातूट नसतेच, चौथ्या दिवशी पालकांना जरा वेळ बाहेर पाठवून बघतात. कागदोपत्री ही सवय मुलाला लावत असतात. प्रत्यक्षात तुम्ही केव्हाच वाळूत रमलेले असता आणि कोपऱ्यातून दबक्या आवाजात चालू असतं, ‘पाणी प्यायलास का?’, ‘टोपी घाल’, ‘त्यालाही दे एक’. पावसातही मुलांना चिखलात खेळायला नेतात आणि एबीसीडी शिकवतच नाहीत, हे कळल्यावर तर त्यांचा चेहरा बघवत नाही. धीर द्या. बाहेर पाठवलं की आधी थोडं रडतील, मग गप्प होतील.

‘आम्ही कमावतो, आम्हाला हा काय शिकवणार?’ असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. घरभाडं तेच भरतात. पण त्यांचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं जर्मनवाचून त्यांचं काही अडत नाही. तुम्हाला ही चैन परवडणारी नाही, कारण घसरगुंडीवर मध्ये घुसणाऱ्या पोराला जागच्या जागी आणि त्याच्याच भाषेत सुनवावं लागतं. तेव्हा शिकवणी रस्त्यावर सुरू करा. रात्री नऊ वाजता, रस्ता रिकामा, सिग्नल लाल, आणि बाबांचा एक पाय खाली उतरलेला. हात घट्ट धरून ठेवा. पायी चालणाऱ्याला यासाठी पाच युरो दंड आहे. शिवाय मुलांदेखत लाल सिग्नल तोडला म्हणून पलीकडच्या आजी जे ऐकवतील, त्याची पावतीही मिळत नाही. तीच गोष्ट रविवारच्या सक्तीच्या शांततेची. आई तुम्हाला ‘धावू नकोस, खालचे ओरडतील’ म्हणते आणि स्वतः वाटणासाठी मिक्सर लावते. तिला नम्रपणे सांगा, की किटातून आणि खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज हा सहसा उपद्रव मानू नये, असं २०११ मध्ये इथल्या कायद्यातच घातलंय. (घरात धावण्याचा त्यात उल्लेख नाही, हे सांगायची गरज नाही.) मिक्सरला अशी सवलत कुठेच नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: पोरं मराठी विसरतील. विसरतील खरी, पण का, ते तपासा. दिवसभरात घरातलं मराठी म्हणजे ऊठ, आवर, जेव, बूट घाल, झोप. हसणं, भांडणं, गुपितं, राक्षसाचा खेळ, सगळं जर्मनमध्ये. नुसत्या हुकमांच्या भाषेत कोण कशाला उत्तर देईल? म्हणून आई-बाबांना मराठीत खेळायला लावा, खोटं बोलायला लावा, एखाद्या भुताला मराठीत घाबरवायला लावा. आजीचा व्हिडिओ कॉल हे तुमचं खास हत्यार. भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तुमच्या झोपायच्या वेळी आजीची मध्यरात्र होत आलेली असते. तेव्हा गोष्ट संध्याकाळी पाचलाच मागा, आणि ती अर्धी राहील अशी व्यवस्था करा.

राहता राहिला मेहनतान्याचा प्रश्न. सरकार तुमच्या नावानं दरमहा पैसे देतं, २०२५ मध्ये ते २५५ युरो होते. अर्ज मात्र आई-बाबांनी करायचा आणि रक्कमही त्यांच्याच खात्यात जाते. हिशेब मागितलात तर ते हिवाळी जॅकेट, चिखलाची पँट आणि दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूट पुढे करतील. वाद घालू नका. पावत्या जर्मनमध्ये असतात; त्या वाचून दाखवायचे वेगळे पैसे लावा.