वीतभर वडाचे वेठबिगार

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. बागेतल्या आभाळाला भिडलेल्या जुन्या झाडांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. टेबलावरच्या वीतभर वडापुढे मात्र ही झुंबड! वडही सगळ्या सरंजामासकट: पारंब्या, ढोली, ट्रेच्या काठावर रेललेली मुळं. सावली तेवढी मुंगीला पुरेल एवढीच.

“किती वर्षांचं हो?” हा पहिला प्रश्न, “केवढ्याला?” हा दुसरा. तिसरा सुचेपर्यंत हात लावून झालेला असतो.

शेजारी चिक्कू होता. बोन्सायमध्ये पानं लहान होत जातात, फळं मात्र ऐकत नाहीत. त्यामुळे त्या टीचभर झाडाला मंडईतल्या मापाचे दोन चिक्कू लटकले होते आणि दप्तर घेतलेल्या पहिलीतल्या पोरासारखं ते एका बाजूला कललं होतं.

झाडांचे मालक निवृत्त काका. फांद्यांना तार कशी गुंडाळायची, ती सालीत रुतण्याआधी कशी सोडवायची, कुंडी बदलताना मुळं कशी छाटायची, हे त्यांनी रंगून सांगितलं. पाण्याचा विषय निघाल्यावर काकूंनी सूत्रं हाती घेतली. “मूठभर माती, ती वाळायला कितीसा वेळ! उन्हाळ्यात दोनदा पाणी. माझ्या माहेरच्या लग्नांना हे नसतात, यांच्याकडच्यांना मी.”

“शेजाऱ्यांना सांगायचं की.”

“सांगितलं होतं एकदा. पाणी घातलं त्यांनी, वर ताराही सोडून ठेवल्या. झाडाला त्रास होत होता म्हणे!”

काका तोवर जपानला पोचले होते. तिथल्या यामाकी घराण्यातला एक पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो जेमतेम तीन किलोमीटरवर भिंतीच्या आडोशाला होता, म्हणून वाचला. १९७६ साली यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला.

“केवढं मोठं मन!” काका गहिवरले.

“मन कसलं? साडेतीनशे वर्षांनी त्या घरातल्या बाईला माहेरी जायला मिळालं असेल,” काकू म्हणाल्या.

मी भाबडेपणाने विचारलं, “तुमच्यानंतर यांचं कोण बघणार?”

काकांचा मुलगा अचानक फोनवर बोलत मांडवाबाहेर गेला. काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही राहायला कुठे? फारसे बाहेरगावी जात नसाल ना?”

मी शेवंतीच्या टेबलाकडे सटकलो.