वाड्यातली सिव्हिल सर्जन

जुन्या नाशकातल्या प्रत्येक वाड्यात एक आजी असायची. भाडेकरू बदलत, मालक कोर्टात भांडत, जिन्याची एकेक पायरी पावसाळ्यागणिक खचे; आजी मात्र कायम. पत्ता भद्रकालीतला असो, तिवंध्यातला की पंचवटीतला, नऊवारी आणि कमरेची चंची ठरलेली. चंचीत सुपारी कमी, औषधं जास्त: ओवा, सुंठ, लवंग, हिंगाचा खडा आणि कुण्या डॉक्टरने कुण्या साली दिलेली एक पिवळी गोळी. ती कशावरची हे तिला आठवत नसे. पण लागू पडते, याबद्दल शंका नसे.

शिक्षण चौथीपर्यंत, अधिकार सिव्हिल सर्जनचा. बाळंतिणीची शेकशेगडी, आजोबांचा दमा, भाडेकरूच्या पोराची कावीळ, सगळी खाती तिच्याकडे. बाळाच्या घुटीत वेखंडाचे दोन वेढे, जायफळाचा एक, मुरडशेंगेचे तीन. सहाणेवर सुनेचा अर्धा वेढा जरी चुकला, तरी पोर पुढे गणितात नापास होणार हे तिथेच जाहीर होई. थर्मामीटरवर तिचा विश्वास नव्हता. कपाळाला पालथा हात लावायचा आणि विचारायचं, "परवा मिसळ खाल्लीस ना?" नाशकात हा प्रश्न सहसा वाया जात नाही.

रंगपंचमीला तर ती पोलिसी खाक्यात येई. पेशव्यांच्या काळापासूनच्या इथल्या रहाडी त्या दिवशी उघडतात आणि पोरं रंगाच्या हौदात धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यामुळे नातू दारात उभा राहिला, की तो कुठून आला हे त्याने सांगायची गरज नसे. आधी रंगावरून झडती, मग डोक्यावर अर्धी वाटी तेल, मग कढत पाणी, आणि या सगळ्याला पार्श्वसंगीत म्हणून त्याच्या बापाचा उद्धार. कारण बापानेही त्याच वयात तेच केलेलं असे.

तिच्या आठवणींचं कॅलेंडर सिंहस्थावर चाले. "ऐंशीच्या सिंहस्थात तुझ्या बापाला गोवर आला," असं ती सांगे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो हे शाळेत शिकून आलेल्या एका चौकस नातवाने हिशेब केला: १९८०, १९९१, २००३, २०१५. "आजी, ऐंशी ते एक्याण्णव अकराच होतात की गं!" आजी म्हणाली, "गुरूला कधीकधी घाई असते. तू दूध संपव." गुरूची एक फेरी बारा वर्षांहून किंचित आधीच पुरी होते, हे नातवाला पुढे पुस्तकात सापडलं. दूध मात्र तेव्हाच संपवावं लागलं.

सप्टेंबर २००८मध्ये गंगेला पूर आला. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. टीव्हीवरचा माणूस गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते सांगत होता. आजी वैतागली, "ते क्युसेक राहू दे, मारुतीच्या कुठवर आलंय ते सांग." रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे नाशकाचं पूर मोजायचं माप: गुडघा, कंबर, छाती. त्या वेळी पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं आणि सराफ बाजारात शिरलं. आजीने एव्हाना मोठं पातेलं गॅसवर चढवलं होतं. खालच्या गल्लीतली बिऱ्हाडं भिजून वर आली तेव्हा खिचडी तयार होती, आणि खिचडीच्या आधी प्रत्येकाला बोलणी, "ओल्या केसांनी बसलीस? न्यूमोनिया काय मी निस्तरायचा?" तो तिनेच निस्तरला असता, हे सर्वांना ठाऊक होतं.

कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं, की ती मुगाचं कढण घेऊन पोचे. तिसऱ्या दिवशी वॉर्ड तिच्या ताब्यात. शेजारच्या खाटेवरच्याला अर्धा डबा, त्याच्या सुनेला सल्ला, सलाईन संपल्याची नर्सला वर्दी. आपल्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला तरी ती शेजारच्याचा ताप उतरेपर्यंत चकरा मारी.

तिच्या स्वतःच्या तब्येतीचं खातं मात्र बंद. गुडघे सुजत, विचारलं तर "मला काय धाड भरलीय?" बीपीची गोळी उपासाला चालते की नाही, या शंकेवर ती एकादशीला गोळी टाळे, आणि तिच्या एकादश्या महिन्याला दोनावर थांबत नसत. शेवटच्या आजारात सून पाय शेकायला बसली, तर "शेक असा देतात होय? आण इकडे," म्हणून पिशवी हिसकावून तिने स्वतःच शेकून घेतलं. वाड्यातल्या सगळ्यांचं केलं. करून घेणं तेवढं तिला जमलं नाही.

आता वाडे पडले, बिऱ्हाडं गंगापूर रोडला आणि इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेली. आजीचं काम वाटून दिलंय: बाळाला मालिशवाली, आजोबांना फिजिओथेरपिस्ट, पथ्याला डाएटिशियन, रात्रीला ब्यूरोतली आया. सगळ्या कामाला चोख. पण "परवा मिसळ खाल्लीस ना?" असं दरडावून विचारायची कुणाचीच टाप नाही, ते पॅकेजमध्ये बसत नाही.

तुमच्या घरी अजून अशी आजी असेल, तर तिला "तू आराम कर" असं सांगू नका, ती ऐकायची नाही. तिची बोलणी खा, तिचा काढा नाक न मुरडता प्या. आणि तिची बीपीची गोळी रोज तुमच्या हाताने द्या. एकादशीलासुद्धा.