82 अंशांचा काटकोन

31 वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. काटकोन चुकला म्हणून किती पोरांना बाकावर उभं केलं, त्याची मोजदाद नाही. निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला आलो आणि पहिल्याच एप्रिलात ठरवलं, की घरामागे लाकूडफाट्यासाठी मांडव घालायचा. भिंत नाही, दार नाही, खिडकी नाही. सुरूचे सहा खांब आणि वर पत्रे.

"याला गडी कशाला हवा?" मी हिला म्हणालो.

"बरं," ही म्हणाली. लग्नाला 38 वर्षं झाल्यावर तरी या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

वहीत सुबक आकृती काढली. लांबी 12 फूट, रुंदी 9 फूट. खुंट्या ठोकल्या, सुंभ ताणलं, चारही बाजू दोन-दोनदा मोजल्या. बिनचूक!

खड्डे दोन फूट खोल घ्यायचे होते. वीतभर माती लोण्यासारखी निघाली, मग पहार टण्णकन वाजली. खाली जांभा. पहिल्या खड्ड्याला दीड दिवस लागला. दुसऱ्यापासून मी दीड फुटावर आलो आणि सहाव्याच्या वेळी एक फूट म्हणजे पुष्कळच, अशी माझी खात्री पटली. वाळवी लागू नये म्हणून खांबांच्या बुडाला डांबर फासलं. त्यातलं निम्मं माझ्या लेंग्याला लागलं. लेंग्याला अजून वाळवी लागलेली नाही.

पत्रे चढवले तेव्हा कुठे घोटाळा दिसला. एका टोकाला मागचा खांब सव्वा फूट उघड्यावर, दुसऱ्या टोकाला पत्रा सव्वा फूट हवेत. मी खाली उतरून वर पाहत होतो, तोच शेजारचे म्हातारबाबा गडग्यावरून डोकावले.

"मास्तर, कोनाकोन मोजलंत का?"

मोजलं. एक कर्ण 14 फूट, दुसरा जवळजवळ 16. दोन्ही 15 यायला हवे होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या म्हणजे आयत होत नाही, समांतरभुज चौकोनही होतो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. माझा काटकोन 82 अंशांचा होता.

बाबांनी दोरीला गाठी मारल्या. तीन हात, चार हात, पाच हात. जमिनीवर त्रिकोण ताणला आणि म्हणाले, "ह्यो आला गुण्यात." फळ्यावर आयुष्यभर ज्याला सिद्ध केलं, तो पायथागोरस खांद्यावर पंचा टाकून माझ्या परसात उकिडवा बसला होता आणि बिडी पेटवत होता.

जाता जाता खड्डे किती खोल घेतलेत, तेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते गप्प झाले. उघड्या मांडवाला वरच्या भारापेक्षा खालून शिरणाऱ्या वाऱ्याची भीती जास्त. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात शेजारच्या दापोली तालुक्यात उडालेले पत्रे सगळ्यांना आठवत होते. संध्याकाळपर्यंत माझ्या पत्र्यांवर आठ चिरे चढले.

जूनमध्ये पाऊस आला. पत्र्याला खिळा उंचवट्यावर मारतात, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. मी सगळे खिळे पन्हळीत मारले होते, कारण तिथे हातोडी छान बसते. 60 खिळे, 60 धारा. ओळीत, सारख्या अंतरावर. अख्ख्या मांडवात तेवढीच एक गोष्ट गुण्यात होती.

लाकूडफाटा परत पडवीत गेला. मांडवात बाबांची म्हैस उभी राहू लागली. तिला वरून पाणी आलेलं आवडतं, आणि पाठ घासायला तो सव्वा फूट बाहेर आलेला खांब तिच्या बरोब्बर उंचीचा आहे.

दिवाळीनंतर बाबांनी त्यांच्या खळ्यात मांडव घालायला काढला आणि मला बोलावणं धाडलं.

"आखणीसाठी माझी मदत हवी आहे," मी हिला ऐटीत सांगितलं.

"बरं," ही म्हणाली. या वेळी अर्थ लगेच कळला.

खळ्यात बाबांनी पाचाची गाठ माझ्या हातात दिली, एका खुंटीपाशी मला उभं केलं आणि दोरी ताणत म्हणाले, "मास्तर, आता सांगेपर्यंत हलू नका."