एका सीटवर दोन बापू

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या कुठल्याही गावात ‘बापू घरी आहेत का?’ असं विचारलं, तर समोरचा आधी दाराशी ट्रक उभा आहे का ते बघतो. उभा असला तर बापू घरी. नसला तर ते कुठल्या राज्यात आहेत हे घरच्यांनाही फोन लावल्यावरच कळतं. एकच दहा चाकी, तिचे मालकही आपणच आणि चालवणारेही आपणच, अशा मंडळींत आमचे शिरवळचे बापू अगदी मासलेवाईक.

बापूंकडे दोन मोबाइल आहेत, एक मालकाचा आणि एक ड्रायव्हरचा. एखाद्या ट्रान्सपोर्टच्या मुनशीनं ड्रायव्हरच्या नंबरवर भाडं पाडून सांगितलं, की बापू गरीब आवाजात म्हणतात, “भाड्याचं मला काय ठावं न्हाई साहेब, मालकाशी बोला.” आणि नंबर देतात. दोन मिनिटांनी दुसरा मोबाइल वाजतो. बापू तो लगेच उचलत नाहीत. मालक माणूस, कामात असणार. तेवढ्यात मनातल्या मनात डिझेलचा हिशेब उरकतो. मग घसा खाकरून, आवाज जरा जाड करून ते म्हणतात, “बोला.” मुनशी लोकांना हे नाटक पाठ आहे. पण थेट मालकाशी बोलल्याचं समाधान त्यांनाही हवंच असतं.

परवा एका मोठ्या वाहतूक कंपनीचा प्रस्ताव आला. गाडी वर्षभर कंपनीला अटॅच करायची. किलोमीटरला 48 रुपये, महिन्याला 6,000 किलोमीटरची हमी. कागद इंग्रजीत, अकरा पानी, व्हॉट्सअ‍ॅपवर. बापूंनी तो मला वाचायला लावला, पण त्यांच्या पद्धतीनं. “आकडा आला की मोठ्यानं वाचायचं, बाकीचं मनात.” 48 गुणिले 6,000 म्हणजे 2 लाख 88 हजार. बातमी चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत बापू तीन लाख पगाराचे झाले होते, आणि टपरीवाल्याला जुन्या उधारीची आठवण त्याच तासाला झाली.

बापू मात्र हुरळले नाहीत. त्याला कारण आहे. 2018 च्या जुलैत केंद्र सरकारनं दहा चाकीची मालासकट वजनमर्यादा 25 टनांवरून साडेअठ्ठावीसवर नेली, तेव्हा रस्त्यावरचे सगळे पेढे वाटायला निघाले होते. बापूंचं म्हणणं असं, की ते वाढीव साडेतीन टन वाहिले गाडीनं आणि त्याचे पैसे खाल्ले पार्टीनं, कारण माल वाढला तसं टनाचं भाडं उतरलं. तेव्हापासून कुठल्याही गोड बातमीचा ते आधी काटा करून घेतात.

पूर्वी हा हिशेब टोलच्या पावतीमागे व्हायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, पावत्या गेल्या आणि बापूंचं स्टेशनरी खातंच बंद पडलं. पंपाची पावती मिळते, पण तिच्यावरची शाई केबिनच्या उन्हात उडून जाते. हल्ली ते खडूनं गाडीच्या मागच्या फाळक्यावरच आकडे मांडतात. शेजारीपाजारी येता-जाता वाचतात आणि मत देतात.

त्या दिवशी फाळक्यावर असं उभं राहिलं: भरलेल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटर, म्हणजे 1,500 लिटर; नव्वदच्या भावानं 1 लाख 35 हजार. हप्ता 72 हजार. टोल तीस. टायरची झीज किलोमीटरला दोन रुपये, म्हणजे बारा हजार. उरले 39. पुढचे आकडे लिहायला बापूंच्या जिवावर येतं, म्हणून ते बारीक अक्षरात, कोपऱ्यात: विमा, ऑइल, पासिंग, पाट्याचं काम, वर्षाच्या नॅशनल परमिटचे 16,500 आणि नव्या इंजिनाला लागणारा तो युरिया. (“शेतालाबी युरिया, गाडीलाबी युरिया. पिकत कायच न्हाई.”) या सगळ्याचे महिन्याला एकोणीस हजार धरले, तर हातात वीस.

खरा पेच इथं सुरू होतो. पगारी ड्रायव्हर ठेवला तर वीस हजार त्याला द्यावेच लागतात, वर भत्ता. म्हणजे हे वीस हजार ड्रायव्हर बापूंचा पगार म्हणून धरले, तर मालक बापूंना नफा शून्य. नफा धरला, तर ड्रायव्हर बापू फुकट राबले. मी हे समजावून सांगितलं तेव्हा बापू हसले. हा प्रश्न त्यांनी केव्हाच सोडवला होता. मालक बापू ड्रायव्हर बापूंना पगार देतच नाहीत. “घरचाच माणूस हाय. जेवूनखाऊन ऱ्हातो.”

मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 चा एक कायदा होता. त्यानुसार ड्रायव्हरकडून दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त काम घेता येत नव्हतं. हे ऐकून ड्रायव्हर बापूंचे डोळे चमकले. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू व्हायचा, आणि बापूंच्या आस्थापनात माणसं दोन, तीही एकाच बनियनमध्ये. मालक बापू निर्धास्त झाले.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो अकरा पानांत कुठंच नव्हता. “किलोमीटर कुणाचा? माझ्या मीटरचा का त्यांच्या मोबाइलचा?” कंपनी अंतर धरणार नकाशावरून, गोदामाच्या गेटापासून गेटापर्यंत. शिरवळहून त्या गेटापर्यंत रिकामं जायचं ते बापूंच्या खात्यात. शहरात दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी म्हणून वळसा घालायचा, तोही बापूंच्या खात्यात. आणि खंबाटकी? साताऱ्याहून येताना बोगदा आहे, पण जाताना घाटच चढावा लागतो. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगते तेव्हा चार सोडा, तीनचंही अ‍ॅव्हरेज मिळत नाही. नकाशाला चढ दिसत नाही, त्याला दोन्ही बाजू सारख्याच.

पैशाचं कलम मी जरा दबक्या आवाजात वाचलं: पोच जमा झाल्यावर बिल, आणि बिल मंजूर झाल्यापासून 45 दिवसांनी पैसे. पंपवाला 45 दिवस थांबत नाही. दीड महिन्याचं डिझेल म्हणजे दोन लाख रुपये, ते बापूंनी त्या बड्या कंपनीला बिनव्याजी वापरायला द्यायचे. बापू बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे फायनान्स कंपनीकडनं मी घ्यायचं आन् ह्या कंपनीला मी द्यायचं. मग मी सावकार का कर्जदार?” मी म्हटलं, बापू, तुम्ही मध्यस्थ. ही पदवी त्यांना आवडली नाही.

एक कागद मात्र त्यांना मनापासून आवडला. दहापर्यंतच गाड्या असणाऱ्या मालकानं पॅन नंबरासह तसं लिहून दिलं, तर भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. त्या नमुन्यात ‘माझ्या मालकीच्या मालवाहू गाड्या दहापेक्षा जास्त नाहीत’ असं वाक्य असतं. बापूंनी ते टपरीवर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि चारचौघांदेखत सही केली.

एवढं सगळं झाल्यावर त्यांनी कागद गुंडाळून ठेवला आणि खरी चौकशी सुरू केली. मोटारसायकल काढून ते थेट कंपनीच्या गोदामावर गेले. आत नाही, बाहेर, जिथं गाड्या नंबर लावून उभ्या असतात तिथं. दोन ट्रकच्या मध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. नुसते टॉवेल-बनियन असते तर ठीक. पण बेडशीट धुतली होती. बेडशीट म्हणजे तीन दिवसांची हॉल्टिंग, हे बापूंचं शास्त्र. नळाला पाणी आहे का पाहिलं, वॉचमन ड्रायव्हरांना अरेतुरे करतो का ऐकलं, चार जणांना चहा पाजून हॉल्टिंगचे पैसे खरंच मिळतात का विचारलं. चौघांनी चार उत्तरं दिली. पण पैसे बुडाले असं एकही म्हणाला नाही. अकरा पानांपेक्षा हा चहा स्वस्त पडला, असं माझंही मत आहे.

शेवटी घासाघीस फोनवर झाली. डिझेलचं कार्ड कंपनीनं द्यायचं, 24 तासांपुढे गाडी अडकली तर हॉल्टिंग, आणि ड्रायव्हरला दिवसाला 300 रुपये वेगळा भत्ता. भत्त्यासाठी मालक बापू इतके हट्टाला पेटले, की कंपनीचा पोरगा म्हणाला, ड्रायव्हरची एवढी काळजी करणारा मालक मी पहिल्यांदाच बघतोय. मग त्यानं विचारलं, “पण बापूसाहेब, ड्रायव्हर भरवशाचा आहे ना? मधेच गाडी टाकून पळाला तर?”

“न्हाई पळायचा,” मालक बापू म्हणाले. “बायकू माझ्या घरात हाय त्याची.”