आधी बोनस, मग दिवाळी

भिवंडीतल्या कामगाराच्या घरात सणाला पैसे कमी पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते वेळेवर येत नाहीत, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. वसुबारसेआधी हातात पडलेले दोन हजार आणि भाऊबीज उलटल्यावर मिळालेले दोन हजार यांत मोठा फरक आहे. आधीच्या दोन हजारांत घाऊक बाजारातून डाळ, रवा, तेल येतं, पोरांचे कपडे येतात. नंतरच्या दोन हजारांतून उधारी फिटते, आणि तीही पुरती फिटत नाही.

दिवाळी जवळ आली की काटकसरीचे सल्ले सुरू होतात. फराळ घरी करा, जुने कंदील वापरा, यादी करून बाजारात जा. सुटं तेल आज पाव किलो घ्यायचं की अर्धा, हा हिशेब जी बाई रोज करते, तिला हे शिकवायला आपल्याला तोंड नाही. म्हणून इथले सल्ले तिच्यासाठी नाहीत. ते पैसे देणाऱ्यांसाठी आणि पैसे काढून घेणाऱ्यांसाठी आहेत.

मालकांना

यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते. जितकं कापड उतरलं तितके पैसे, आणि हिशेब पंधरवड्याला. दिवाळीला माग थांबले की मजुरीही थांबते. म्हणजे ज्या आठवड्यात खर्च दुप्पट होतो, त्याच आठवड्यात मिळकत शून्यावर येते. ईदलाही तसंच, आणि छठला गावी जाणाऱ्यालाही तसंच. कचेरीतल्या माणसाची सणाची सुट्टी पगारी असते. मागावरच्या माणसाच्या सुट्टीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. वर रेल्वेचं भाडं.

यावर उपाय म्हणून बोनस आहे. तो कुणी दया म्हणून दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, पोटाला चिमटा घेतला. पुढे १९६५ च्या कायद्याने किमान बोनस बंधनकारक केला आणि नंतरच्या दुरुस्तीने तो वर्षाच्या मजुरीच्या ८.३३ टक्के ठरला, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याचा पगार. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं कितीतरी काम भिवंडीच्या मागांवर आलं. गिरणी कामगारांनी मिळवलेला हक्क मात्र त्या कामाच्या मागोमाग इथवर आला नाही.

तो वाटेत कुठे अडला, ते बघा. बोनसचा कायदा वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागतो. चोवीस मागांचं एक शेड धरा. एक कामगार सहा माग बघतो, म्हणजे एका पाळीला चार जण, दोन पाळ्यांना आठ. त्यात कांडीवाली, मुकादम, घडीवाला मिळवला तरी वीस भरत नाहीत. शेजारचं शेड भावाच्या नावावर आणि पलीकडचं मेहुण्याच्या. कागदावर तीन धंदे दिसतात. आवाज मात्र एकच येतो, दिवसरात्र.

जिथे कायदा लागतो तिथेही मुदतीची मेख आहे. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा, असं १९६५ च्या कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी दरवर्षी त्याच्या आधीच येऊन जाते. मालकाने दिवाळी होऊ दिली आणि मग बोनस दिला, तरी कायदा त्याला काही म्हणत नाही.

म्हणून मालकांना सांगणं सरळ आहे. कायदा लागो न लागो, वर्षभर तुमच्या मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला एका महिन्याची मजुरी द्या, आणि ती वसुबारसेच्या दहा दिवस आधी द्या. ईद करणाऱ्याला ईदच्या दहा दिवस आधी. मिठाईचा डबा द्यायचा तर जरूर द्या, पण तो बोनसमध्ये धरू नका. मंदी आहे, सूत महागलं, वीजबिल वाढलं, हे सगळं खरं असेल. ते बोलायची वेळ सणाच्या आदल्या संध्याकाळी नसते. जुलैमध्ये सांगा. जुलैमध्ये कळलं तर घर स्वतःची आखणी करतं.

गोदामांच्या ठेकेदारांना

माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे. या पट्ट्यातल्या गोदामांमधून मुंबई-पुण्याच्या घराघरांत दिवाळीची खोकी जातात. सणाआधीचे तीन-चार आठवडे इथे श्वास घ्यायला फुरसत नसते. पाळी लांबते, रविवार जातो. ज्यांच्या हातून हजारो घरांची दिवाळी वेळेवर पोचते, त्यांचा हजेरीचा हिशेब मात्र सण उलटल्यावर होतो, कारण ठेकेदाराचं बिल कंपनीकडून निघालेलं नसतं. खोकं एक दिवस उशिरा पोचलं तर कंपनी दंड लावते. मजुरी पंधरा दिवस उशिरा पोचली तर कुणाला दंड झाल्याचं ऐकिवात नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या लिहिल्या आहेत. ठेकेदाराच्या माणसाला त्यांतली एक तरी मिळते का, हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कामगार खात्याने गोदामात जाऊन विचारावं.

उचल देणाऱ्यांना

पैसा उशिरा आला तरी सण थांबत नाही. मग उचल घेतली जाते. या उचलीचं सगळ्यात वाईट रूप भिवंडी तालुक्यातल्या कातकरी पाड्यांवर दिसतं. पावसाळा सरता सरता काम नसतं, घरात दाणा नसतो, सण तोंडावर असतो. अशा वेळी वीटभट्टीचा मालक बयाणा देतो. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब भट्टीवर, पोरांसकट. शाळा सुटते. पावसाळ्याच्या तोंडाला हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा मालकाचीच बाकी निघते आणि पुढचा हंगामही त्यातच जातो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. श्रमजीवी संघटना १९८२ पासून याच भागात तिच्याशी लढते आहे. पाच-दहा हजारांचा सण एका माणसाचं वर्ष विकत घेऊ शकतो, हे मुंबईपासून दोन तासांवर घडतं.

शहरात याचीच दुसरी तऱ्हा आहे, शेकडा दहा महिना. पाच हजार घेतले की महिन्याला पाचशे नुसतं व्याज. दहा महिन्यांत पाच हजार भरले तरी मुद्दल जसंच्या तसं उभं, आणि तोवर पुढचा सण आलेला असतो. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा दहा महिना म्हणजे वर्षाला १२० टक्के. हा गुन्हा गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला असतो आणि सगळे त्याला भाऊ म्हणतात.

आणि तिसरी तऱ्हा, हप्त्यावरचा टीव्ही-मोबाइल. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठल्या तरी नावाखाली किमतीत शिरलेलं असतं.

सरकारला

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ आणला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. कल्पना उत्तम होती. पण त्या वर्षी कितीतरी रेशन दुकानांत तो दिवाळी सुरू झाली तरी पोचला नव्हता, कुठे तेल नव्हतं, कुठे साखर नव्हती. भाऊबीजेनंतर मिळालेल्या रव्याचा लाडू होतो, पण त्याला दिवाळीचा फराळ म्हणत नाहीत. पुढे तो इतर सणांनाही दिला गेला आणि २०२५ च्या दिवाळीत मिळालाच नाही.

सरकारला वेळ पाळता येत नाही, असं मात्र नाही. २०२४ च्या राखीपौर्णिमेआधी लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३,००० रुपये बायकांच्या खात्यात पडले, सणाच्या आधी. निवडणूक जवळ होती. मनात आणलं की यंत्रणा धावते, हे त्या आठवड्यात महाराष्ट्राने पाहिलं. आता तेवढीच घाई बोनसच्या तारखेसाठी करा. आठ महिन्यांची मुदत सहावर आणा, म्हणजे ती ३० सप्टेंबरला संपेल. सरकारच्या तिजोरीतला एक रुपयाही खर्च होणार नाही.

मंडळांना

वर्गणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पावतीवर आकडा आधीच लिहून चाळीत आठ-दहा पोरं घेऊन शिरणं, ही वर्गणी नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाकडून पाचशे रुपये घेऊन त्याच्याच खिडकीखाली स्पीकरच्या भिंती वाजवणाऱ्या मंडळाने आधी त्याच्या घरचा गणपती कसा बसला ते विचारावं. आणि हे सगळ्या धर्मांच्या, सगळ्या झेंड्यांच्या मंडळांना लागू आहे.

शिकायचं कुणाकडून?

याच शहराकडून. ईदच्या फित्र्याचा नियम बघा. घरातल्या प्रत्येक माणसामागे ठराविक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, आणि ती ईदच्या नमाजआधी द्यायची. नमाजनंतर दिली तर ती साधी देणगी ठरते. गरिबाच्या घरीही त्याच सकाळी शीरखुर्मा शिजला पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे आहे. किती द्यायचं याबरोबर कधीपर्यंत द्यायचं हेही ज्याने ठरवलं, त्याला गरिबी आतून माहीत होती. आपले कायदे करणाऱ्यांना ती तितकी माहीत नव्हती.

पद्मनगरातली तेलुगू विणकरांची घरं बघा. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा चालतो. ताटात फुलांची उतरंड रचायची, बायकांनी भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची. पूर्वी फुलं माळावरून यायची, आता काही विकत घ्यावी लागतात. तरीही सणाचा मुख्य ऐवज फुलं, गळा आणि शेजारणी हाच राहिला आहे.

चाळीतला फराळ बघा. एकीची भाजणी चांगली, दुसरीची करंजीची मुरड सुबक, तिसरीकडे मोठी कढई. चौघी मिळून दोन रात्रींत चार घरांचा फराळ काढतात. तेल कमी लागतं, गॅस कमी लागतो. गल्लीतली पोरं माती-दगड आणून किल्ला करतात, त्याला एक पैसा लागत नाही. कामट्या आणि पतंगाचा कागद आणला की कंदील होतो. सणातला आनंद बव्हंशी आधीच स्वस्त आहे. लोकांनी तो पिढ्यानपिढ्या स्वस्त ठेवला आहे.

आणि बचत? तीही इथल्या बायकांना येते. दर आठवड्याला ५० रुपयांचा दिवाळी फंड धरला तर वर्षाला २,६०० होतात. त्यात फराळाचं सामान सहज बसतं. एकच सांगणं आहे. हा पैसा एखाद्या ओळखीच्या माणसाच्या घरी ठेवू नका. दर दिवाळीला कुठे ना कुठे फंडवाला पळाल्याची बातमी येते. नोंदणी झालेल्या बचत गटाचं खातं काढा, दोघींच्या सहीने पैसे निघतील असं ठेवा, आणि पासबुक महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडा.

गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून सांगत फिरले की कर्ज काढून सण करू नका, तो पैसा मुलांच्या शाळेला लावा. १९५६ साली बाबा गेले. त्यानंतर हे सांगणं आपण नेहमी गरिबालाच ऐकवत आलो. ज्याच्या उशिरामुळे गरीब कर्ज काढतो, त्याला कधी ऐकवलं नाही. आता त्याला ऐकवायचं. प्रत्येक शेडच्या, प्रत्येक गोदामाच्या दारावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक फळा लागला पाहिजे. त्यावर दोनच गोष्टी हव्यात, बोनसची रक्कम आणि बोनसची तारीख. युनियनवाल्यांनी, नगरसेवकांनी, मोहल्ल्यातल्या आणि मंडळांतल्या कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून तो फळा लावून घ्यावा. ज्या दारावर तो नसेल, त्या दाराचं नाव गावात घेतलं जावं. एवढं एक काम झालं, तर या शहरातल्या हजारो घरांना सणासाठी कुणाच्या खुर्चीसमोर उभं राहावं लागणार नाही.